दिसायला एक, निघाले दहा!

वर्गात जुळी भावंडं असली की बाईंची कशी फजिती होते, ठाऊक आहे ना? एका फुलपाखरानं शास्त्रज्ञांची अशीच फजिती केली. तीही थोडीथोडकी नाही, सव्वादोनशे वर्षं!

हे फुलपाखरू टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत आढळतं. पंख गडद, अंगाजवळ मात्र चकचकीत निळे. १७७५ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि सगळे म्हणू लागले, 'ही एकच जात.'

पुढे डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवाक्स या शास्त्रज्ञ पतिपत्नींनी मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात या फुलपाखराचे सुरवंट पाळले. वीस-पंचवीस वर्षांत अडीच हजारांहून जास्त! कुठला सुरवंट कोणत्या झाडाचा पाला खातो, त्याच्या अंगावर नक्षी कशी, सगळं वहीत टिपलं. आणि काय गंमत! सुरवंट निरनिराळे, खाणं निरनिराळं. पण कोषातून फुलपाखरं बाहेर पडली की सगळी जवळजवळ सारखीच!

मग कॅनडातले पॉल हेबर्ट मदतीला आले. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघा असतात ना, तो बारकोड. तसाच बारकोड प्राण्यांच्या डीएनएत शोधता येतो, असं त्यांनी २००३ साली सुचवलं होतं. डीएनएची लिपी फक्त चार अक्षरांची. फुलपाखराचा एक वाळका पाय घ्यायचा आणि त्यातल्या एका जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची. ४८४ फुलपाखरांची अक्षरं वाचली, तर त्यांचे गट पडले. सुरवंटांच्या वहीशी ते ताडून पाहिले आणि २००४ साली जाहीर झालं : जाती एक नव्हे, दहा!

सगळ्यांना हे पटलं असं नाही हं. २००६ मध्ये एका शास्त्रज्ञानं तीच माहिती पुन्हा तपासली आणि सांगितलं, 'जाती तीन ते सात म्हणता येतील, दहा नाही.' म्हणजे नुसता बारकोड वाचून भागत नाही. रूप, खाणं आणि जनुक, तिघांची साक्ष जुळावी लागते.

पण एवढा खटाटोप कशाला? समजा, एका जातीचा सुरवंट एकाच झाडावर जगतो आणि ते झाड तोडलं गेलं. ती जात संपेल, आणि आपण मात्र म्हणत राहू, 'फुलपाखरं आहेत की भरपूर!' जिची ओळखच नाही, ती हरवली हे कळणार कसं?

तेव्हा कढीपत्त्यावर अळी दिसली तर लगेच झटकू नका. तारीख, झाड, रंग वहीत लिहा. जॅन्झनकाकांचीही सुरुवात वहीनंच झाली होती!