पाच रेकॉर्डी आणि निफाडच्या कॅसेटी

"सध्या काय ऐकतोयस?" हा प्रश्न ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून या शनिवारी उत्तर एकदाचं लिहून टाकतो. नुसती यादी मात्र देणार नाही, त्यामागे माझं एक मत आहे. गाणं चांगलं असलं की आपोआप टिकतं हा भाबडा समज आहे. ते टिकतं, कारण कोणीतरी हट्टाने ते पुन्हा बाहेर काढतं.

१. द. वि. पलुसकर. आपले नाशिकचे. १९५५ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. त्यांच्या काळात रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, अख्खा राग तेवढ्यात उरकायचा. पुढे त्यांची रेडिओवरची ध्वनिमुद्रणं बाजारात आली, म्हणून आज ते ऐसपैस गाताना ऐकू येतात. आधी तीन मिनिटंवाले ऐका, मग लांबलचक. "शास्त्रीय म्हणजे बोअर" म्हणणाऱ्या मित्रांवर मी हाच प्रयोग करतो.

२. चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' (१९८२). हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा हा मुंबईचा वादक. त्याने रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या मशिनींवर भैरव, ललत, तोडी वाजवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाने २०१० साली रेकॉर्ड पुन्हा काढली आणि लोक चाट पडले. शिकागोतल्या पोरांनी १९८७ च्या सुमारास ज्याला 'अ‍ॅसिड हाउस' म्हटलं, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी इथे आधीच झालं होतं! रात्रीच्या डिप्लॉयमेंटला एकदा लावून बघाच.

३. केसरबाई केरकर, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची ही छोटीशी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेली. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. गंमत म्हणजे ती अख्खी तबकडी पृथ्वीवरच्या साध्या गिऱ्हाइकाला विनाइलवर मिळायला २०१७ साल उजाडलं, आणि तेही लोकांनी आधी पैसे भरले म्हणून.

४. गीतरामायण. हे काय नवीन सांगतोस, असं म्हणाल. पण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर गदिमांची ही ५६ गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा वेगवेगळ्या गळ्यांतून आली होती. घरोघरी पोचला तो बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातला रेकॉर्ड-संच. तो उत्तमच आहे, वाद नाही. पण इतकं लाडकं काम, तरी बहुतेकांच्या कानात एकच आवृत्ती उरली. मूळ रेडिओवाली मिळेल तिथून ऐका.

५. स्वदेसी, 'द वारली रिव्हॉल्ट' (२०१९). मुंबईच्या पोरांचं रॅप, सोबत आरेच्या जंगलातले वारली समाजाचे प्रकाश भोईर. जंगल तोडण्याविरुद्धचं गाणं आहे. "मराठीत रॅप जमत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी एमसी मवाली ऐकावा.

आता मुद्द्यावर येतो. या पाचांच्या मागे कोणी ना कोणी होतं: रेडिओ, रेकॉर्ड कंपनी, हट्टी संग्राहक, नाहीतर थेट नासा. ज्यांच्यामागे कोणीच नाही त्यांचं काय?

आमचं निफाडच घ्या. शेजारच्या सिन्नर तालुक्यात देशवंडीला वामनदादा कर्डक (१९२२-२००४) जन्मले. हजारो गाणी लिहिली, गावोगाव गायली. शब्द निदान छापले तरी गेले. पण जयंतीच्या रात्री गावातल्या पार्टीने ते कसे म्हटले, सप्ताहातल्या भजनी मंडळाची चाल काय होती, पौषात त्र्यंबकला निघालेल्या दिंडीत अभंग कोण उचलायचं, हे सगळं कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेल्या कॅसेटींत आहे. त्या कॅसेटी माळ्यावर आहेत, टेपला बुरशी लागतेय. कुठलीही कंपनी त्या पुन्हा काढणार नाही. धंदा म्हणून तिचं बरोबरच आहे.

म्हणून सहावी शिफारस: ही रेकॉर्ड तुम्हीच काढा. चालू कॅसेट प्लेअर, एक केबल, लॅपटॉप आणि फुकटातलं ऑडॅसिटी, बास. आधी कॅसेटच्या मागच्या दोन खुट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. एमपी३ नको, फ्लॅक किंवा वॅव ठेवा. दोन ठिकाणी कॉपी करा. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, शॉर्टकट नाही.

तो तास एकट्याने घालवू नका. आजोबांना, मामांना शेजारी बसवा. कॅसेटवर नुसतं "जयंती" लिहिलेलं असतं. गाणारा कोण, ढोलकीवर कोण, पेटीवर कोण, साल कुठलं, हे त्यांच्याच डोक्यात आहे. आपल्या धंद्यात डेटाचा बॅकअप सगळे घेतात, मेटाडेटा विसरतात. इथे मेटाडेटाचं वय पंच्याहत्तर आहे आणि त्याला गुडघेदुखी आहे. कळलं ते फाइलच्या नावात लिहा. आणि जगाला ऐकवण्याआधी गाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा.

"क्वालिटी बेकार असेल हो." असेल. केसरबाईंच्या रेकॉर्डवरही खरखर आहे, आणि ती ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलीय.

दिवाळीला घरी जाल तेव्हा माळ्यावरचं ते खोकं खाली काढा. खिशात एक पेन्सिल असू द्या, टेप सैल झालेली असणारच.