शिवेवरचा किल्ला

काय दोस्तांनो, सायन स्टेशनची पाटी कधी नीट वाचलीत का? इंग्रजीत 'सायन', पण मराठीत चक्क 'शीव'! शीव म्हणजे काय, ते गावाकडच्या आजीला विचारा. गावाची हद्द म्हणजे शीव. एके काळी मुंबई इथं संपायची.

आता हद्द म्हटली की पहारा आलाच. म्हणून तर स्टेशनच्या पूर्वेला त्या टेकडीवर किल्ला आहे. पायथ्याच्या बागेत लोक फिरायला येतात, पण वर किल्ला आहे याचा कित्येकांना पत्ताच नसतो!

ईस्ट इंडिया कंपनीनं तो १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर आंजियरच्या कारकिर्दीत बांधला. खाडीपलीकडचं साष्टी बेट तेव्हा पोर्तुगीजांचं. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली आणि कंपनीला नवा शेजारी मिळाला. इथल्या पहारेकऱ्यांची झोपच उडाली असणार! मग १७७४ मध्ये कंपनीनं साष्टी घेतली. झालं! आता खाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीच. शीवच उरली नाही, तर पहारा कसला द्यायचा?

तर येत्या रविवारी बिल्डिंगमधली सगळी फौज गोळा करा. एखादे काका किंवा ताई सोबत हव्यातच. सकाळी लवकर निघा, पाण्याच्या बाटल्या घ्या. आजोबांना यायचं असेल तर पायऱ्या सावकाश चढा. त्यांच्या लहानपणीची मुंबईही ऐकायला मिळेल.

वर गेल्यावर उत्तर दिशा शोधा. क्षणभर समोरच्या सगळ्या इमारती पुसून टाका. खाली खाडी, दलदल, पलीकडे परका मुलूख. याच खाडीच्या काठानं पश्चिमेला धारावीचा काळा किल्ला, त्यापुढे माहीमचा. तिन्ही किल्ले नकाशावर रेघेनं जोडा, म्हणजे जुन्या मुंबईची शीव तुमच्या वहीत उमटेल.

भिंतींवर मात्र बदाम आणि नावं कोरलेली दिसतील. अरे, कुणाला कोण आवडतं ते साडेतीनशे वर्षांच्या दगडाला कशाला सांगायचं? शिवाय दगड ढासळलेत, तेव्हा कठड्यावर चढायचं नाही हं! एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. वेफर्सची पाकिटं तिच्यात भरून खाली आणा, दुसऱ्यांनी टाकलेलीसुद्धा.

आणि हो, तुमच्या गावाच्या किंवा पेठेच्या नावात काय दडलंय? शोधून चार ओळी लिहा नि आम्हाला पाठवा. वाट बघतोय!