मिरीची परीक्षा कोण घेणार?

"काय, झाली का तुझी मिरी तयार?" हा प्रश्न हल्ली फोनवर, व्हॉट्सॅपवर आणि मागच्या रविवारी तर थेट एका मुंजीच्या पंगतीत विचारला गेला. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

नवीन मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. माझा उजवा कान पूर्ण गेलाय आणि डावा यंत्राच्या मेहेरबानीवर चालतो. रात्री यंत्र काढून डबीत ठेवलं की जग बंद. मिरी ही आमची चौदा महिन्यांची कुत्री. काळी, मध्यम चणीची, लॅब आणि आणखी कसली तरी मिसळ. शेल्टरमधून नऊ आठवड्यांची असताना आणली, तेव्हा खरंच मिरीच्या दाण्याएवढी वाटायची. तिला मी 'हिअरिंग डॉग' म्हणून तयार करतेय. म्हणजे दाराची बेल वाजली, ओट्यावरचा टायमर वाजला, कुणी मला हाक मारली, की तिने येऊन नाकाने ढुशी द्यायची आणि मला आवाजाकडे घेऊन जायचं.

"पण हे घरी शिकवता येतं का? त्याच्या संस्था असतात ना?" असतात. आमच्यापासून फार लांब नाही, मॉरिसटाउनला, 'द सीईंग आय' ही अंधांसाठी कुत्रे तयार करणारी अमेरिकेतली सगळ्यात जुनी संस्था आहे, १९२९ पासूनची. त्या गावात दुपारी फिरायला गेलं तर शिकाऊ कुत्रे रस्ते ओलांडताना दिसतातच. काय रुबाब असतो! तिथली पिल्लं आधी स्वयंसेवकांच्या घरी वाढतात, मग संस्थेत परततात आणि तिथले मुरलेले लोक त्यांना पुढचं शिकवतात. हिअरिंग डॉगच्या संस्था वेगळ्या. मी चौकशी केली तिथे दोन वर्षांहून जास्त थांबावं लागेल असं सांगितलं. आणि इथला अपंगांच्या हक्कांचा कायदा, १९९० चा 'एडीए', स्वतःचा कुत्रा स्वतः शिकवायला पूर्ण मुभा देतो. ना संस्थेची अट, ना प्रमाणपत्राची. दुकानदार फक्त दोन गोष्टी विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागू शकत नाही, "करून दाखव" म्हणू शकत नाही. अर्थात हे शिकून तयार झालेल्या कुत्र्यासाठी. शिकाऊ कुत्र्याचं काय ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

मला ही मुभा मनापासून पटते. पण तिच्यात एक गोम आहे, आणि मिरी आल्यापासून मी तिच्याभोवतीच फिरतेय.

सांगते. कुत्र्याला काही शिकवायचं म्हणजे साधं गणित असतं: योग्य क्षणी शाबासकी. आवाज झाला, कुत्रा आला, लगेच खाऊ. आता यातला 'आवाज झाला' हा भाग मला कळतच नाही! ज्याला रंग दिसत नाहीत त्याने चित्रकलेची शाळा काढावी तसा प्रकार.

सुरुवातीला मला एक युक्ती सापडली आणि मी भलतीच खूश झाले. कुकर! कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, पण दिसते. शिट्टी उचलली जाते, वाफेचा फवारा येतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा आवाज. रोज वरणभाताला तीन शिट्ट्या, म्हणजे रोज फुकटात तीन धडे. दोन आठवड्यांत मिरी प्रत्येक शिट्टीला धावत येऊन माझ्या गुडघ्यावर नाक आपटू लागली. फोनवर आत्या म्हणाली, "अगं, आता तिला शिट्ट्या मोजायलाही शिकव." :)

मग एका शनिवारी लेकीने गंमत म्हणून मला कुकरकडे पाठ करून बसवलं. शिट्टी झाली, मिरी जागची हलली नाही. दुसरी झाली, नाही. मी वळून बघितल्याबरोबर बाई हजर!

जुन्या बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता, तो खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की घोडा आकडे मोजत नव्हता, तो समोरच्या माणसाच्या अंगातला बारीकसा ताण वाचत होता. उत्तर जवळ आलं की माणूस नकळत हालतो, घोडा थांबतो. आमचीही तीच कथा. मिरी शिट्टी ऐकत नव्हती, मला वाचत होती. आणि जी मला वाचून येते ती मला न दिसणाऱ्या आवाजासाठी कशी येणार? मला हवी आहे ती नेमकी त्याच वेळेला, जेव्हा मला काहीच माहीत नसतं.

तेव्हापासून शाळेची पद्धत बदलली. आवाज करण्याचं काम नवरा आणि लेक यांच्याकडे. ते दिवसभरात कधीही, मला न सांगता, बेल वाजवतात, टायमर लावतात, मागच्या खोलीतून हाक मारतात, आणि वेळ एका वहीत लिहितात. मिरी कधी आली ते मी माझ्या वहीत लिहिते. रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. पहिल्या आठवड्याचा निकाल: त्यांचे आवाज चाळीस, मिरी बरोबर आली बावीस वेळा. आणि एकोणीस वेळा आवाज नसतानाच आली.

या एकोणीस वेळांनी माझी झोप उडवली. न आलेल्या वेळा समजू शकते, पोर आहे, शिकेल. पण आवाज नसताना येणं म्हणजे काय, तर तिला कळलंय की ढुशी दिली की बिस्किट मिळतं आणि या बाईला खरंखोटं कळत नाही. दर ढुशीला खाऊ दिला तर ती खोटं शिकणार. न द्यावा तर एखादी खरी ढुशी वाया जाणार आणि आवाज सांगण्यात काही मिळत नाही असं तिला वाटणार. शेवटी आम्ही ढुशीला खाऊ देणं पूर्ण बंद केलं. ढुशीनंतर मी हाताने "कुठे?" असं विचारते, तिने मला तिकडे न्यायचं, आणि खाऊ तिथे. दारात माणूस असतो, टायमरवर दिवा लुकलुकत असतो, खरंखोटं आपोआप कळतं. (कुरिअरवाला मात्र बेल वाजवून पळालेला असतो. पायरीवर खोकं असलं तर खरं समजायचं!) हल्लीचा आकडा चाळिसात चौतीस आणि खोट्या तीन-चार. मला तर फार अभिमान वाटतो.

भाषेचीही एक गंमत सांगून टाकते. मिरीला आम्ही मराठीतच शिकवलं, कारण रस्त्यावरचा प्रत्येक जण तिला "सिट, सिट" करायचा. पण 'बस' हा शब्द किती घोटाळ्याचा आहे ते तेव्हा कळलं. वाढताना "बस, बस!" म्हटलं की ही जेवणाच्या टेबलाखाली दोनदा बसायची. आता तो शब्द 'टेक' असा बदललाय.

आता मूळ अडचणीकडे येते.

मिरी दहा महिन्यांची असताना एक दिवस मी घरी एकटी होते. नवरा दौऱ्यावर, लेक कॉलेजात. सकाळी अकराच्या सुमारास मिरी बाथरूमच्या टबात जाऊन बसली आणि थरथरायला लागली. पोट बघितलं, पंजे बघितले, काही नाही. खाऊला तोंड लावेना. बाहेर नेलं की ठीक, घरात आणलं की परत टबात. संध्याकाळी सहाला लेक आली आणि दारातूनच कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, जिन्यातल्या अलार्मची बॅटरी संपलीय, चिवचिवतोय." धुराच्या अलार्मची बॅटरी उतरली की तो मिनिटभराच्या आत-बाहेर एकदा बारीक, टोकदार आवाज करतो. कितीतरी कुत्री त्याला घाबरतात. इथे तो सात तास वाजत होता आणि घरात ज्या एकमेव माणसाने काही करायला हवं होतं त्याला तो ऐकू येत नव्हता.

कुमारवयातल्या कुत्र्यांमध्ये भीतीचा एक काळ येतो. तेव्हा बसलेला धसका सहजी निघत नाही. तेव्हापासून आम्ही त्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावतो, खाऊ देतो, काही दिवसांनी किंचित वाढवतो. 'हळू' म्हणजे किती हे मला कळत नाही, म्हणून फोनवर डेसिबल मोजतो आणि वाढवायचं की नाही ते लेक ठरवते. बेल, टायमर, हाक यांत मिरी हुशार आहे. पण खरा अलार्म (धुराचा तीन-तीनदा वाजतो, कार्बन मोनॉक्साइडचा चार-चारदा) लागला तर तिने मला उठवायचं आणि आवाजाकडे न नेता तिथेच आडवं पडून 'धोका' म्हणून सांगायचं असतं. टबात लपलेली कुत्री कुणाला उठवणार?

इथे काही जण म्हणतील, मग उशीखाली थरथरणारं यंत्र ठेव. ते आहेच, आणि आगीच्या बाबतीत माझा मिरीपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास आहे. पण ते यंत्र पलंगापुरतं. मागून येणारी सायकल, पडलेल्या किल्ल्या, दुकानात तिसऱ्यांदा मारलेली हाक त्याला सांगता येत नाही. येत्या ऑगस्टात लेक दुसऱ्या गावी शिकायला जातेय, म्हणजे घरात मी आणि मिरी असे कितीतरी दिवस असणार.

तर गोम अशी. संस्थेत एखादा कुत्रा या कामाचा नाही असं दिसलं तर तिथला माणूस फाइल बंद करतो आणि दुसरा कुत्रा घेतो. चांगल्या पैदाशीचे कितीतरी कुत्रेही असे गळतात. त्यात कुत्र्याचा दोष नसतो, स्वभाव नसतो एवढंच. माझ्याकडे शिक्षक मी, परीक्षक मी आणि निकालाची गरज असलेलीही मीच. वर्षभर मी तिच्यासाठी पहाटे उठलेय. तिला नापास करायचं म्हणजे पुन्हा नवीन पिल्लू, पुन्हा दोन वर्षं, आणि घरात एक कुत्री असतानाच. अशा परीक्षकाचा निकाल मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मानला नसता.

म्हणून माझं ठाम मत झालंय की आपला कुत्रा आपण शिकवावा, पण पास-नापास दुसऱ्याच्या हातात द्यावं. "तुझ्या कुत्रीला तुझ्याइतकं कोण ओळखणार?" असं एका मैत्रिणीने विचारलं. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी नको.

याचा अर्थ सरकारने सक्तीची परीक्षा ठेवावी असं मुळीच नाही. ज्याला घराबाहेर पडणंच कठीण, त्याला परीक्षा द्यायला शंभर मैल पाठवायचं, फी भरायला लावायची, तारखेची वाट बघायला लावायची, हे कायद्याने टाळलं ते उत्तम केलं. इंटरनेटवर पैसे भरून 'नोंदणी'ची कार्डं आणि जाकिटं मिळतात. त्यांना कायद्यात काडीची किंमत नाही, तरी खपतात. अशी जाकिटं घालून दुकानात भुंकणारे कुत्रे बघितले की मला चीड येते, कारण पुढच्या वेळी संशयाने माझ्याकडे बघितलं जातं. पण त्यावर उपाय म्हणून माझ्यासारख्यांवर कागदांचं ओझं नको. कुत्रा आवरत नसेल तर बाहेर काढायचा अधिकार दुकानदाराला आजही आहे, त्याने तो वापरावा.

स्वतःहून परीक्षा द्यायला मात्र कुणी अडवलेलं नाही. मदतनीस कुत्रे बाळगणाऱ्यांच्या 'आयएएडीपी' संघटनेने सुचवलेलं किमान शिक्षण सहा महिन्यांत १२० तासांचं आहे, त्यातले ३० तास बाहेर, लोकांत. तास आमचे कधीच भरले. बाहेरचा भाग ओक ट्री रोडच्या वाणसामानाच्या दुकानात झाला. तिथे अर्धी गिऱ्हाइकं तिला बघून किंचाळतात आणि उरलेली अर्धी तिला ढोकळा देऊ बघतात. मिरी दोन्हींकडे दुर्लक्ष करते. काहीच न करणं हे तिचं सगळ्यात अवघड शिक्षण होतं आणि त्यात ती पहिल्या वर्गात आहे.

इथल्या एका प्रशिक्षिकेशी मी ठरवलंय. तिचा मिरीवर जीव नाही, मला खूश करण्यात तिला रस नाही. मिरी अठरा महिन्यांची झाली की ती एक दिवस घरी येईल, मला आगाऊ काही न सांगता आवाज करील, त्यात अलार्मही असेल. निकाल ती देईल आणि मी वाद घालणार नाही, असं मी लिहून दिलंय. साक्षीदार म्हणून लेकीने सही केलीय. नापास झाली तर मिरी आमच्याकडेच राहील, साधी घरची कुत्री म्हणून, आणि शिट्टीला येईल तेव्हा येईल. कालपर्यंत ती रेकॉर्डिंगचा आवाज ५५ डेसिबलपर्यंत कान न पाडता ऐकतेय. खरा अलार्म जवळून ८५ च्या वर असतो.

आणि हो, जुलैत येणाऱ्या मंडळींना आधीच सांगते. मामी, मिरी टेबलाखाली बसली असताना चकली खाली पाडायची नाही, चुकूनसुद्धा नाही. आत्या, बेल वाजवलीस की दार मी उघडेपर्यंत थांब, परत परत वाजवू नकोस, ती मला आणतेय तिकडे. आणि बेल किती वाजता वाजवलीस ते आल्याआल्या वहीत लिही. वही फ्रिजवर आहे.