हॅम मंडळींना पहिल्याच बैठकीला बोलवा

सभासद बंधूंनो, आपली कितीतरी मुले नोकरीधंद्यासाठी पनवेल-कळंबोलीकडे राहतात. गणेशोत्सवात तिथे मुंबई-गोवा महामार्गावर कोकणात जाणाऱ्यांची रीघ लागते, विसर्जनाला वडाळे तलावाचा काठ माणसांनी फुलतो. एवढ्या गर्दीत मोबाईल लागेलच याचा भरवसा नाही. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यात मांढरदेवला चेंगराचेंगरीत सुमारे 300 जीव गेले. गर्दीत पुढचे मागच्याला कळत नाही, म्हणून रेटा थांबत नाही.

इथे हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, कामी येतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेली ही माणसे बिनतारी सेटवरून फुकट निरोप पोचवतात. पण त्यांना ऐन दिवशी हाक मारून भागत नाही. ऊसतोडीचा प्रोग्राम लागणीच्या तारखेवरून आधीच ठरतो, गाड्या गव्हाणीवर आल्यावर नव्हे. तसेच हे. हातातला सेट डोंगराआड पोचत नाही, तेव्हा जागा आधी फिरून तपासाव्यात. नियंत्रण केंद्र पोलिसांशेजारी, एक माणूस डॉक्टरांजवळ. केंद्राने विचारल्याशिवाय मध्येच कुणी बोलायचे नाही. तातडीचा निरोप तेवढा आधी. जादा बॅटऱ्या आणि पाळीचा बदली माणूस हवाच.

कोणी म्हणेल, पोलिसांकडे वायरलेस आहे की! आहे, पण ती त्यांच्या कामात गुंतलेली. हरवलेले पोर, चक्कर आलेली म्हातारी, यांचे निरोप कोण नेणार? मात्र या परवान्यावर धंद्याचे निरोप चालत नाहीत. आपल्या ऊसगाड्यांसाठी तो नाही.

म्हणून गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी पहिल्याच बैठकीला हॅम मंडळींना बोलवावे. बारा वर्षे पुरी झालेल्या आपल्या पोरापोरींनीही ही परीक्षा द्यावी.