विशेषणांचा ध्वनिवर्धक

टेबलावर ठेवण्याजोगा, खिशाला परवडणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा, हा प्रश्न साहित्यचर्चेच्या पानांवर पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्या उंचावू द्याव्यात. ज्या वस्तूचे कार्य एका वाक्यात सांगता येते, तिच्याविषयी हजारो पृष्ठांचे आस्वादक लेखन निर्माण व्हावे आणि त्या लेखनावर विसंबून लोकांनी पैसे मोजावेत, ही घटना समीक्षेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. किंबहुना आमचे म्हणणे असे की, समीक्षेची भाषा कशी सडते हे समजून घ्यायला कवितेपेक्षा अ‍ॅम्प्लिफायर अधिक सोयीचा. कवितेविषयी केलेले विधान खोटे पाडणे कठीण. अ‍ॅम्प्लिफायरविषयी केलेले विधान एका दुपारी खोटे पाडता येते. तरीही ते कोणी पाडत नाही, हे विशेष.

ध्वनियंत्रांच्या परीक्षणांत आढळणारी विशेषणे पाहा. अमुक यंत्राचा आवाज ‘उबदार’, तमुकाचा ‘थंड’. एकाचा ‘अंधारा’, दुसऱ्याचा ‘हवेशीर’. एक ‘संगीतमय’, दुसरे ‘विश्लेषक’. या शब्दसंपदेला इतिहास आहे. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक सुरू केले ते एका रास्त तक्रारीतून: प्रस्थापित नियतकालिके यंत्रांची मोजमापे छापत, परंतु यंत्र ऐकून त्याविषयी काही म्हणत नसत. ऐकून लिहायचे तर ऐकल्याचे वर्णन करणारे शब्द हवेत; ते होल्ट यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी घडवले. येथवर तक्रारीला जागा नाही. पण पुढे शब्द राहिले आणि ऐकणे सुटले. विशेषणे यंत्राच्या किमतीनुसार, पेटीच्या जाडीनुसार आणि आत निर्वात नळी आहे की नाही यानुसार वाटली जाऊ लागली. आपल्याकडील पुस्तक-परीक्षणांत ‘आशयघन’, ‘तरल’, ‘प्रत्ययकारी’ हे शब्द ज्या रीतीने वाटले जातात, त्याहून ही रीत फारशी वेगळी नाही.

मराठीत तर हा रोग दुहेरी झाला. नादाविषयी बोलण्याची आपली भाषा दरिद्री कधीच नव्हती. जवारी, खर्ज, घुमारा, आस, कणसूर, किनरा, बसका, गोल: यांतील प्रत्येक शब्दामागे दोन माणसांना एकत्र बसून तपासता येईल असे काही असते. तंबोऱ्याची जवारी लागलेली नाही असे गायकाने म्हटले, तर मिरजेचा कारागीर घोडीवर हात चालवतो, तारेखालचा दोरा सरकवतो, आणि ती लागली की नाही हे दोघांनाही कळते. शब्दाला वस्तूचा तारण असतो. ‘अंधारा आवाज’ हे मात्र परभाषेतील रूपकाचे कलेवर आहे. ते मराठीत आणणाऱ्याला विचारावे की, उजेडाचा आवाज कसा असतो? उत्तर मिळणार नाही, कारण मूळ भाषेतच ते कोणी मागितले नव्हते.

आता वस्तूकडे वळू. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचे काम इतकेच की, आलेला संकेत आकाराने मोठा करावा, त्यात स्वतःचे काही मिसळू नये, आणि हेडफोनला हवा तेवढा विद्युत्प्रवाह द्यावा. किती हवा, याचे गणित शाळकरी आहे. समजा, ३०० ओहमचा एक हेडफोन १ मिलिवॅटला ९७ डेसिबल आवाज देतो. शक्ती दहापट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो, दुप्पट झाली की ३ डेसिबलने. तेव्हा ११० डेसिबलचे क्षणिक शिखर गाठायला १३ डेसिबल अधिक, म्हणजे सुमारे २० मिलिवॅट लागतील. ३०० ओहमवर त्यासाठी अडीच व्होल्टच्या आत-बाहेर दाब पुरतो. साध्या फोनमधून किंवा स्वस्त जोडणीतून १ व्होल्ट मिळाला, तरी हाच हेडफोन १०२ डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ अशी आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबल १५ मिनिटांत पुरे. अर्थात पुष्कळांना वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरजच नसते. परीक्षणांत हे वाक्य क्वचितच सापडते, कारण ते लिहिले की परीक्षण संपते.

‘उबदार’पणाचाही हिशेब मांडता येतो, आणि तो मांडणे हे त्या शब्दाविषयी आदर दाखवणे आहे. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स असतो. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो. कित्येक हेडफोनांत तो मंद्र भागात बराच चढतो. समजा, एरवी ३०० ओहम असलेला हेडफोन खर्जाकडे ६०० ओहमवर जातो, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहम आहे, जसा काही नळीवाल्या यंत्रांचा असू शकतो. मग विभागणीच्या साध्या नियमाने खर्ज उरलेल्या सप्तकांपेक्षा १ डेसिबलहून किंचित अधिक उचलला जाईल. ही वाढ कानाला कळू शकते. श्रोता तिला उबदार म्हणाला, तर त्याने खोटे सांगितले नाही. परंतु आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओहम असला की हा फरक नाहीसा होतो, आणि तेव्हाही कोणी ‘उबदार’ लिहीत असेल, तर त्याने ऐकलेली गोष्ट यंत्रात नव्हती. तो शब्द कोठून आला, हे त्याने सांगितले पाहिजे.

या वादातील एक जुना पुरावा आमच्या मते वर्गात शिकवण्याजोगा आहे. १९८५ साली बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’च्या संपादकांपुढे पैज मांडली: तुम्हांला प्रिय असलेला कोणताही महागडा अ‍ॅम्प्लिफायर निवडा, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मी त्याच्यासारखा करून दाखवतो. न्यू मेक्सिकोतील सँटा फे येथे त्याने दोन्ही यंत्रांच्या संकेतांची वजाबाकी करत, उरलेला फरक ऐकत आणि तो पुसत आपले यंत्र जुळवत नेले. शेवटी संपादकांना दोहोंत भेद करता येईना, आणि तसे त्यांनी मान्य केले. पुढे कारखान्यातून निघालेल्या प्रती त्या नमुन्याशी जुळतात की नाही यावर वाद झाला, तो वेगळा. मुद्दा हा की, ज्याला ‘नळीचा आत्मा’ म्हणत होते तो मोजता, वजा करता आणि नकलता आला. आत्म्याची वजाबाकी होत नसते.

दुसरा पुरावा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा वाटेल. २०११ साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ हे टोपणनाव घेतलेल्या एका लेखकाने ‘ओ-टू’ नावाच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला. सामान्य, सहज मिळणारे सुटे भाग. अर्ध्या ओहमच्या आसपासचा आउटपुट इम्पीडन्स. आणि कितीतरी महाग यंत्रांच्या पंक्तीला बसणारी मोजमापे. प्रत्येक निर्णयामागचे कारण त्याने लिहून ठेवले. २०१२ नंतर हा लेखक गप्प झाला आणि त्याची ओळख गुप्तच राहिली. लेखकाच्या मृत्यूविषयी आपण बार्थच्या आधाराने जी व्याख्याने देतो, त्याला इतके चोख उदाहरण दुसरे नसेल: नाव नाही, चेहरा नाही, उरली ती फक्त संहिता. जेडीएस लॅब्जसारख्या छोट्या उत्पादकांनी तिच्यावरून यंत्रे बांधली. २०१८ साली याच उत्पादकाने ‘अ‍ॅटम’ हा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर ९९ डॉलरला बाजारात आणला, तेव्हा स्वच्छ आवाजाला फार पैसे पडतात हा समज टिकायला जागा उरली नाही. समज मात्र टिकला. त्याला जागा लागत नाही; विशेषणे लागतात.

आवाज पारखायचा कसा? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये मांडले. नाव झाकताच भल्याभल्यांची रसिकता किती डळमळते, हे त्या पुस्तकाने दाखवले. अ‍ॅम्प्लिफायरलाही हीच कसोटी लावावी. दोन यंत्रे घ्या. सलग सूर वाजवून व्होल्टमीटरने त्यांच्या आवाजाची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजच्या सुमारे १ टक्क्याच्या आत, जुळवा. कारण किंचित मोठा आवाज ‘अधिक मोठा’ असा ऐकू न येता ‘अधिक चांगला’ असा ऐकू येतो, आणि बहुतेक परीक्षणांचा उगम येथेच असतो. मग मित्राला नाणे उडवून पडद्याआड यंत्र बदलायला सांगा आणि ओळखा. १६ वेळांपैकी १२ वा अधिक वेळा ओळखता आले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. तुमच्या शब्दाला तारण मिळाला. आठ-नऊ वेळाच जमले, तर लेखणी खाली ठेवा.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला असा की, खरा फरक महिनोन्‌महिने ऐकल्यावर उमगतो. उमगत असेल, मग महिनाभर झाकून ऐका. झाकण्याला घाईची अट नाही. दुसरा आक्षेप असा की, कान म्हणजे यंत्र नव्हे. अगदी बरोबर, म्हणूनच डोळ्यांनी वाचलेली किंमत कानांत उतरते, आणि म्हणूनच डोळे झाकावे लागतात. तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे: जड खुंटी फिरवण्यात, अंधारात नळीची लाल धग पाहण्यात सुख असते. असते, आणि आम्ही ते कोणाकडून हिरावून घेऊ इच्छीत नाही. पुस्तकाच्या कापडी बांधणीचेही सुख असते. फक्त बांधणीचे गुण कादंबरीच्या खाती जमा करू नयेत.

इतके लिहिल्यावर विरुद्ध पक्षाचे लोक आम्हांला आपले मानतील, म्हणून त्यांच्याशीही हिशेब चुकता करणे भाग आहे. २०१६ साली अमीर माजिदीमेहर यांनी सुरू केलेल्या ‘ऑडिओ सायन्स रिव्ह्यू’ने स्वस्त यंत्रांची मोजमापे उघड केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यातून ‘सिनॅड’ या एका आकड्याची गुणवत्ता-यादी जन्माला आली आणि वाचक ती दहावीच्या निकालासारखी वाचू लागले. १०० डेसिबल सिनॅड याचा अर्थ गोंगाट आणि विकृती मिळून मूळ संकेताच्या एक लाखाव्या भागाइतकी. ११५ म्हणजे त्याच्याही पाचपटीहून कमी. ऐकताना या दोहोंत भेद करू पाहणारा माणूस ‘अंधारा आवाज’ ऐकणाऱ्याच्याच शेजारी बसलेला आहे. एकाची श्रद्धा विशेषणावर, दुसऱ्याची दशांशावर. शिवाय हा एक आकडा आउटपुट इम्पीडन्सविषयी, संवेदनशील इअरफोनवर येणाऱ्या सुसकाऱ्याविषयी किंवा खुंटी अगदी खाली असताना डावा-उजवा आवाज सारखा येतो की नाही याविषयी काही सांगत नाही. कवितेतील मात्रा मोजणे आवश्यक असते. मात्रा बिनचूक असलेल्या सर्व कविता त्यामुळे एका रांगेत लावता येत नाहीत.

तेव्हा ज्यांना खरोखर घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आमचा सल्ला रुक्ष आहे. आधी हेडफोन निवडा, कारण आवाजाचा स्वभाव तेथे ठरतो. मग पाहा की, हाताशी असलेल्या साधनावर आवाज पुरेसा मोठा होतो का आणि शांत जागी सुसकारा ऐकू येतो का. मोठा होत असेल आणि सुसकारा नसेल, तर थांबा. नसेल होत, तर तीन गोष्टी विचारा: आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी आहे का, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमच्या आत, हव्या त्या आवाजाला लागणारा व्होल्ट तो देतो का, आणि गेन कमी-जास्त करायची सोय आहे का, म्हणजे खुंटी सदा तळाशी ठेवावी लागू नये. तीनही उत्तरे होकारार्थी देणाऱ्या यंत्रांत जे स्वस्त, ज्याची दुरुस्ती गावात होईल, ते घ्यावे. परदेशातून मागवायचे तर आयातशुल्क आणि हमीची अडचण हिशेबात धरावी. उरलेले पैसे ध्वनिमुद्रिकांवर खर्च करावेत. १९२५च्या आधी, विजेवाचून केवळ कर्ण्यातून मुद्रित झालेल्या आपल्या थोर गवयांच्या आवाजातले खर्जाचे आणि टीपेचे काठ मुद्रणातच गळून पडले आहेत. तो गळालेला खर्ज कोणताही अ‍ॅम्प्लिफायर परत आणत नाही. आणि जे उरले आहे ते पोहोचवायला ९९ डॉलरचा पुरतो.

आमचा आग्रह अखेर अ‍ॅम्प्लिफायरपुरता नाही. जेथे कसोटी शक्य आहे तेथेसुद्धा ती न घेता विशेषणे वापरायची सवय ज्या मनाला लागली, ते मन जेथे कसोटी अवघड आहे तेथे, म्हणजे कवितेपाशी आणि कादंबरीपाशी, काय करीत असेल? विद्यार्थी आपल्याकडून शब्द उचलतात. आपण ‘तरल’ म्हणालो की ते वहीत ‘तरल’ लिहून घेतात आणि परीक्षेत तो शब्द आपल्यालाच परत करतात. मध्ये कविता कोणी वाचलेली नसते. त्यांना एवढे तरी विचारायला शिकवावे की, हा शब्द काढून घेतला तर तुमच्या विधानातले काय कमी होईल. काहीच कमी होत नसेल, तर तो शब्द गोंगाट आहे, आणि चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरने जे करायचे तेच चांगल्या समीक्षकाने करावे: स्वतःचे काही न मिसळता संहितेचा आवाज मोठा करावा, आणि मिसळायचेच असेल तेव्हा किती मिसळले ते सांगावे.