उत्सवानं राखलेली घरं

इंग्लंडमधल्या ससेक्सच्या टेकड्यांत ग्लाइंडबोर्न नावाचा एक जुना जमीनदारी वाडा आहे. मालक जॉन ख्रिस्ती यांनी १९३१ मध्ये गायिका ऑड्री मिल्डमे यांच्याशी लग्न केलं आणि वाड्याला लागूनच तीनशे खुर्च्यांचं ऑपेरागृह बांधलं. २८ मे १९३४ रोजी मोझार्टच्या ‘फिगारो’नं तिथला पहिला पडदा वर गेला. संगीताची धुरा फ्रिट्झ बुश यांच्याकडे, दिग्दर्शन कार्ल एबर्ट यांचं. दोघंही नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले. खेड्यातल्या एका घरानं या कलावंतांना आसरा दिला आणि त्यांनी त्या घराला जगभर नाव मिळवून दिलं. आजही तिथे दर उन्हाळ्यात ऑपेरा रंगतो. मध्यंतर चांगलं दीड तासाचं असतं. रसिक हिरवळीवर सतरंज्या पसरून जेवतात, पलीकडे मेंढ्या चरत असतात. १९९४ पासून नाट्यगृह बाराशे खुर्च्यांचं आहे.

असं भाग्य थोड्याच घरांना लाभलं. विसाव्या शतकात वारसाकर आणि देखभालीच्या खर्चापायी शेकडो वाडे पाडले गेले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्यावर प्रदर्शन भरलं, तेव्हा नष्ट झालेल्या घरांची नावं ध्वनिफितीवरून ऐकवली जात होती. चॅट्सवर्थ वाड्याचे मालक असलेले ड्यूक १९५० मध्ये वारले आणि मालमत्तेवर ८० टक्के कर बसला. तो फेडताना घराण्याचा हार्डविक हॉल सरकारला द्यावा लागला. जे वाडे तगले, त्यांतल्या अनेकांना लोकांसाठी फाटक उघडावं लागलं. गुडवुडला १९९३ पासून दरवर्षी मोटारींचा उत्सव भरतो, बर्लीला १९६१ पासून घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात.

या वाड्यांच्या वैभवात गुलामांच्या घामावर पिकलेल्या उसाचा आणि ईस्ट इंडिया कंपनीतल्या कमाईचा पैसाही आहे. पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्यानं नेलेल्या भारतीय वस्तू आजही मांडलेल्या आहेत. तिथल्या उत्सवांचं कौतुक करताना मराठी वाचकानं हे नजरेआड करू नये.

तिकडे बहुतेक इस्टेटी थोरल्या मुलाकडे जात, म्हणून त्या अखंड राहिल्या. आपल्याकडे वाटण्या झाल्या. त्या न्याय्यच होत्या, आणि १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क दिला हे तर फारच चांगलं झालं. पण एका वाड्याचे वीस मालक झाले की कौलं कोणी परतायची, हा प्रश्न उरतोच. कोकणात, गोव्यात जिथे वडिलोपार्जित घरात गणपती बसवायची रीत मोडलेली नाही, तिथे निदान त्या निमित्तानं सगळे हिस्सेदार एका छपराखाली येतात. झाडलोट होते, भिंतींना रंग लागतो, गळतीवर इलाज निघतो. माझ्या मते वारसा जपायचं आपल्याकडचं सर्वांत खात्रीचं साधन हेच आहे. सरकारी निधी त्याच्या जोडीला यावा, त्याच्या जागी नव्हे.

१९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी साहित्यालाही अशी वार्षिक तिथी मिळाली आहे. यंदाचा आमचा दिवाळी अंक अशाच घरांना वाहिलेला आहे. तुमच्या गावच्या वाड्यात वर्षातून एकदा जे काही होतं, भजनी सप्ताह असो, नवरात्र असो की नाटक, त्याची तारीख आणि हकिकत आम्हाला जरूर कळवा. यापुढे दरमहा अशा एका घराबद्दल आम्ही छापणार आहोत.