सचिनवरून भांडताना

आमच्या घरात निवडणुकीवरून कधी आवाज चढत नाही. चढतो तो सचिनवरून. घरात सरळसरळ तीन पक्ष आहेत. सासरे गावसकरांचे, आमचे हे सचिनचे आणि चिरंजीव विराट कोहलीचे. सासऱ्यांचा मुद्दा ठरलेला : १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये, पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, त्याही डोक्यावर हेल्मेट नसताना. ह्यांचं उत्तरही ठरलेलं : शंभर शतकं, पुढे बोला. चिरंजीव म्हणणार, शतकं राहू द्या, सामना जिंकून कोण देतं ते सांगा.

१५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर कोहलीने एकदिवसीय सामन्यातलं पन्नासावं शतक ठोकलं आणि सचिनचा ४९ शतकांचा विक्रम मागे पडला. सचिन स्वतः तिथे बसून टाळ्या वाजवत होता. आमच्या घरात मात्र ताटातलं वरण निवेपर्यंत भांडण चाललं. मे २०२५ मध्ये कोहलीने कसोटीतून निवृत्ती घेतली तेव्हा ह्यांनी लगेच हिशोब मांडला, "९,२३० कुठे आणि १५,९२१ कुठे!" मी मध्ये काही बोलायला गेले तर तिन्ही पक्षांची तात्काळ युती होते. "तुला काय कळतंय त्यातलं?"

कळतं हो. चांगलं कळतं. १९९८ च्या एप्रिलमध्ये शारजात सचिनने आधी १४३ आणि दोनच दिवसांनी, आपल्या वाढदिवशी १३४ धावा काढल्या, तेव्हा माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. माहेरी वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. टीव्ही बंद पडला की सगळं घर ट्रान्झिस्टरभोवती गोळा व्हायचं. तेव्हा आमचा हिंगोली जिल्हासुद्धा झालेला नव्हता. तो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्या काळात मुंबईचं काही आमचं वाटत असेल तर ते हे एवढंच. मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा, मध्यमवर्गीय घरातला, आणि जगातले गोलंदाज त्याला घाबरतात! आपल्या माणसाला कुणी घाबरतं ही गोष्टच आम्हाला नवीन होती.

तर आता त्या नेहमीच्या आरोपाकडे येते. "सचिनने शतक केलं की भारत हरतो." हे वाक्य मी पानटपरीवर, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे ऐकलंय. आरोप करणाऱ्यांकडे दाखलेही असतात. मार्च २०११ मध्ये नागपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११, हरलो. वर्षभराने मिरपूरला ते शंभरावं शतक, बांगलादेशकडून हरलो. २००९ साली हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५ आणि तीन धावांनी हरलो. बरं, पण त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ वेळा भारत जिंकला, हे कुणी सांगत नाही. जिंकलेलं विसरलं जातं, हरलेलं लक्षात राहतं. घरातल्या स्वयंपाकाचंही तसंच असतं म्हणा. तीनशे दिवस भाजी चांगली झाली त्याचं काही नाही, एक दिवस मीठ जास्त पडलं की चर्चा!

मला स्वतःला चेन्नईचा सामना सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो. जानेवारी १९९९, समोर पाकिस्तान. जिंकायला २७१ हव्या होत्या. पाठ इतकी दुखत होती की उभं राहवत नव्हतं, तरी सचिनने १३६ काढल्या. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. त्या तिघांनी मिळून चार धावा केल्या. बारा धावांनी हरलो. आता या सामन्यावरून लोक पंचवीस वर्षं म्हणतायत, "बघा, शेवटपर्यंत नेता आलं नाही." मैत्रिणींनो, हे बोलणं ओळखीचं वाटतं ना? घरातली जी बाई सगळ्यात जास्त ओढते, तिच्याकडूनच उरलेल्या सतरा धावांचा जाब विचारतात. बाकीच्या तिघांची नावं कुणाला आठवत नाहीत. माझ्या मते सचिनचं मोठेपण शंभर शतकांपेक्षा या हरलेल्या दिवसात जास्त आहे, पण हे मी घरात बोलले तर सासरे आणि चिरंजीव दोघंही हसतात.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. हे तिघं इतका हिशोब मांडतात, सरासरी, स्ट्राइक रेट, परदेशातली शतकं, पण त्या हिशोबाच्या वहीत काही रकानेच नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन दोनशेवी, शेवटची कसोटी वानखेडेवर खेळला. शेवटच्या डावात ७४ केल्या. त्या सामन्याला त्याची आई आली होती, व्हीलचेअरवर. चोवीस वर्षं मुलगा देशासाठी खेळला आणि आईने त्याला मैदानात खेळताना पहिल्यांदा पाहिलं ते शेवटच्या सामन्यात! रजनीताई एल.आय.सी.त नोकरी करायच्या. नोकरी सांभाळून त्यांनी चार मुलांचं केलं. १९९९ च्या विश्वचषकात वडील गेले, सचिन इंग्लंडहून घरी आला, तेव्हा परत जा, खेळ, असं सांगणारी आईच होती. तो परत गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. त्या १४० धावा सचिनच्या नावावर आहेत, आणि असायलाच पाहिजेत. पण नवरा जाऊन चार दिवस झालेले असताना पोराला दाराबाहेर काढणाऱ्या बाईचं काय?

निवृत्तीच्या भाषणात त्याने हे सगळं स्वतःच सांगितलं. शाळेसाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे चार वर्षं राहिला, तेव्हा दमून अर्धवट झोपेत असलेल्या पोराला काकू घास भरवायची. अंजली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ. मुलांसाठी तिने डॉक्टरकी बाजूला ठेवली आणि तू खेळ, घराचं मी बघते म्हणाली. ऐकताना आमचे हे ढसाढसा रडले. भाषण संपलं, डोळे पुसले आणि मला म्हणाले, चहा टाक.

दुसरा रकाना तर गंमतीचा आहे. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कुणाचं, असं आमच्या घरात विचारलं की तिन्ही पक्ष एकमताने म्हणतात, सचिन, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०. चूक! ते १६ डिसेंबर १९९७ ला झालं, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या. आणि कुठे? आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एम.आय.जी. मैदानावर. सचिनचं बालपण ज्या साहित्य सहवासात गेलं, त्याच वांद्रे पूर्वेला. पुरुषांमधलं पहिलं द्विशतक म्हणा, माझी ना नाही. पण "जगातलं पहिलं" म्हणताना जग म्हणजे अर्धंच धरायचं, ही सवय आपल्याला लागली कशी? विश्वचषकाचंही तेच. बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ ला झाला, पुरुषांचा १९७५ ला. त्याच १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, संघ होते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. नंतरही कितीतरी वर्षं आपल्या मुली अनारक्षित डब्यातून किटच्या बॅगा सांभाळत सामन्यांना जायच्या. क्रिकेट मंडळाने त्यांना आपल्या छत्राखाली घेतलं ते २००६ साली. मिताली राज २३२ एकदिवसीय सामने खेळली, ७,८०५ धावा केल्या. मितालीचा पक्ष घेऊन जेवणाच्या ताटावर भांडलेला पुरुष मला अजून भेटायचाय.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला. आमच्या घरात तिन्ही पक्ष एका सोफ्यावर बसून बघत होते, हे मान्य करते. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला धूळ चारणारी मुंबईची जेमिमा, नाबाद १२७! आणि त्यांचा प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला तो हाच मुलगा. पुढे रणजीत ढिगाने धावा केल्या, पण भारताची टोपी काही मिळाली नाही. महान कोण या यादीत त्याला कुणी घेतलं नसतं. जिंकल्यावर मुलींनी तो चषक मिताली आणि झुलन गोस्वामीच्या हातात दिला, तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवलं नाही.

हे सगळं मी का सांगतेय? सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक असते. देवळाच्या पारावर पुरुषमंडळी बसलेली असतात आणि विषय बहुतेक वेळा हाच, सचिन मोठा की कोहली. त्यातलेच एक हळदवाले शेतकरी सचिनचे एवढे भक्त की प्रत्येक शतकाची तारीख पाठ. त्यांची मुलगी नववीत आहे. भावाबरोबर गल्लीत खेळताना मी तिची गोलंदाजी पाहिली आहे, हात सरळ, चेंडू अचूक. दिवाळीनंतर वडिलांनी तिचं खेळणं बंद केलं. "आता मोठी झाली ताई, बरं दिसत नाही." मी म्हटलं, "भाऊ, सचिन सातवी-आठवीत असताना त्याच्या काकूने, बरं दिसत नाही म्हणून त्याला घरात बसवला असता तर?" ते म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी." वेगळी कशी, ते त्यांना सांगता येईना. पारावरचे बाकीचे लोकही गप्प. एरवी एका पायचीतवर तासभर बोलतात!

सचिनने काय मागे ठेवलं, हा वाद मला या मुलीवरून मोजावासा वाटतो. त्याचे विक्रम एकेक करून मोडतीलच. पण त्याला बघून या गावातल्या किती पोरांनी हातात फळी घेतली आणि त्यातल्या किती पोरींच्या हातातून ती काढून घेतली, हा आकडा कुठल्याही धावफलकावर नसतो. बाप वाईट नाही. मुलीला शिकवतो, सायकल घेऊन दिली. फक्त त्याच्या देव्हाऱ्यात ज्याचा फोटो आहे, त्याचा आणि स्वतःच्या पोरीचा काही संबंध असू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलेलं नाही.

आम्ही बायकांनी ग्रामसभेत अर्ज दिला. गावठाणाजवळची मोकळी जागा आठवड्यातून दोन संध्याकाळ, मंगळवार आणि शुक्रवार, फक्त मुलींना खेळायला द्यावी. मुलांचं काय, पोरींकडे लक्ष कोण ठेवणार, असं बरंच झालं. लक्ष ठेवायला आमच्या गटातल्या दोघी-दोघी पाळीने बसतील, असं लिहून दिलं तेव्हा कुठे महिनाभरासाठी होकार मिळाला. पहिल्या मंगळवारी सात मुली आल्या. त्या शेतकरी भाऊंची मुलगी पहिल्या दिवशी नव्हती, शुक्रवारी आली. वडील पारावरच बसून होते, उठून आले नाहीत. पण चेंडू टेनिसचा आणलाय की लेदरचा, एवढं त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, आणि मग नवीन मुलींना कोणता बरा, यावरून पारावर वाद सुरू झाला.